म्यान केलेली सुरी: बुरशी अळीच्या रक्तात कशी टिकते

लातूर जिल्ह्यात आमचे थोडे कोरडवाहू रान आहे आणि खरिपात त्यात बहुतेक सोयाबीनच असते. मागे एका श्रावणात आठवडाभर झड लागली होती. ऊन असे दिसलेच नव्हते. पाऊस उघडल्यावर बांधावरून चालताना सोयाबीनच्या शेंड्याकडच्या पानांवर पांढऱ्या, ताठ झालेल्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या. तंबाखूची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा, आदल्या पंधरवड्यात पानांची चाळण करत होती. तीच आता चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. शेजारच्या रानातले काका माझ्या मागेच उभे होते. त्यांनी विचारले, ‘‘काय फवारलंस रे? मला पण सांग की.’’ मी काहीच फवारले नव्हते, आणि त्या चिखलात पंप पाठीवर घेऊन कोणी फवारू शकलेही नसते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या पांढऱ्या अळ्यांवर फिकट हिरवी भुकटी धरली होती, आणि पानाला नुसता धक्का लागला तरी तिचा धूर उडत होता.

हे काम मेटारायझियम रिलेयी या बुरशीचे. कृषी सेवा केंद्रांत मिळणाऱ्या पुड्यांवर आणि जुन्या पुस्तकांत तिचे नाव अजून नोमुरिया रिलेयी असेच असते. २०१४ साली जनुकीय अभ्यासाच्या आधारे तिला मेटारायझियम वंशात हलवले गेले. सोयाबीन, भुईमूग, कापूस या पिकांवरील अळ्यांमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओलसर दिवसांत तिची साथ आपोआप पसरते. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यातही शिरली, तेव्हा इथल्या या बुरशीने त्या परक्या अळीलाही लवकरच गाठले.

काकांना मी बुरशीचे नाव सांगितले. त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर बांधावर उभे राहून देता आले नाही. ते म्हणाले, ‘‘बुरशी तर भाकरीला बी लागती. मग जित्या अळीला लागती कशी?’’ प्रश्न अगदी नेमका होता. भाकरी मेलेली असते आणि अळी जिवंत असते. जिवंत शरीर बुरशीला सहसा उभे राहू देत नाही. अळीसुद्धा देत नाही, हे मी पदव्युत्तर शिक्षण घेताना स्वतः पाहिले होते. अळीच्या पोटाकडच्या एका पायाला सुईने टोचून निघालेला हिरवट-पिवळा थेंब काचपट्टीवर घेतला, तर तो सूक्ष्मदर्शकाखाली नीट बसवेपर्यंतच कडेने तपकिरी होऊ लागतो आणि थोड्या वेळात काळा पडतो. माझ्या पहिल्या कित्येक काचपट्ट्या अशाच वाया गेल्या. मार्गदर्शकांचा त्रागा मी मुकाट्याने ऐकून घेत असे; पण तो काळा पडणारा थेंब म्हणजे अळीचा बचाव आहे, हे समजल्यावर मात्र चिडचिड संपली. तोपर्यंत मला अळी म्हणजे पानांच्या रसाने भरलेली एक मऊ पिशवी वाटत असे.

त्यामुळे प्रश्न उलटा विचारायला हवा. इतकी तयारी असलेल्या शरीरात एक सूक्ष्म बुरशी शिरते आणि तरीही टिकते, ते कशामुळे?

या प्रश्नाची दोन्ही टोके ज्याच्या हाताला लागली होती असा एक माणूस इतिहासात आहे, आणि मला त्याचे फार कौतुक वाटते. कीटकाला बुरशीमुळे रोग होतो हे त्याच्या आधीच सिद्ध झाले होते: १८३५ साली इटलीतल्या लोदी भागातील अगोस्तिनो बासी यांनी रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून मरण्याचे कारण बुरशी आहे असे दाखवून दिले, आणि आज दुकानात मिळणाऱ्या बिव्हेरिया बॅसियाना या कीटकमारक बुरशीच्या नावात बासी अजून आहेत. पण मी म्हणतो तो माणूस म्हणजे इल्या मेचनिकोव्ह. १८७९ साली ओडेसा येथे गव्हाचे नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्यांवर काम करताना त्यांना हिरव्या बुरशीने मेलेल्या अळ्या मिळाल्या. ती बुरशी म्हणजेच आज हुमणीसाठी उसाच्या सरीत सोडले जाणारे मेटारायझियम ॲनिसोप्ली. तिचा वापर करून कीड मारता येईल, हा विचार त्यांनी तेव्हाच मांडला. पुढे १८८२ साली सिसिलीत, मेसिना येथे, तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात, म्हणजे पिल्लात, त्यांनी गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. त्यानंतर पाणपिसू या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाच्या शरीरात शिरलेले बुरशीचे सुईसारखे बीजाणू, म्हणजे तिचे सूक्ष्म बीच, रक्तपेशी गिळून टाकतात, आणि एखादा बीजाणू निसटून रुजला तर मात्र तो जीव मरतो, हेही त्यांनी नोंदवले. भक्षकपेशींच्या या शोधासाठी त्यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल मिळाले. कीटक मारणारी बुरशी आणि बुरशी गिळणारी पेशी, दोन्ही एकाच माणसाने पाहिल्या. निसटलेला तो बीजाणू नेमका निसटतो कसा, याचा उलगडा होण्यासाठी मात्र पुढे शंभर वर्षे जावी लागली.

बुरशीचा मार्ग तोंडातून जात नाही, इथून सुरुवात करावी लागते. अळी मारण्यासाठी फवारला जाणारा बीटी जिवाणू किंवा एनपीव्ही विषाणू तिच्या पोटात पानाबरोबर जावा लागतो. बुरशीचा बीजाणू अंगाला चिकटला तरी पुरतो. हा बीजाणू तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत वीसएक बीजाणू शेजारी शेजारी बसतील इतका लहान असतो. अळीच्या कातडीवर मेणाचा थर असतो. तो पाणी अडवतो आणि त्यातली काही मेदाम्ले बुरशीला रुजूही देत नाहीत. बीजाणूचे अंगही पाणी झटकणारे असल्यामुळे तो त्या मेणावर टेकतो. मग त्याच्या पृष्ठभागावरची खास प्रथिने त्याला घट्ट धरून ठेवतात. अनेक प्रकारच्या कीटकांवर जगणाऱ्या मेटारायझियमच्या एका प्रजातीत अशा प्रथिनांची जोडी सापडली आहे. एक प्रथिन कीटकाच्या कातडीला चिकटण्यासाठी आणि दुसरे वनस्पतीच्या पृष्ठभागाला चिकटण्यासाठी असते, कारण ही बुरशी मुळांच्या सान्निध्यातही राहते. कीटक मारणे हा तिचा एकमेव उद्योग नाही, ही गोष्ट आपण शेतकरी सहसा लक्षात घेत नाही.

हवा दमट असेल तर बीजाणू रुजतो, बारीक नळी काढतो आणि नळीचे टोक फुगवून कातडीवर चकतीसारखे बसवतो. या चकतीत साठवलेल्या मेदापासून ग्लिसरॉल तयार होते, पाणी आत ओढले जाते आणि दाब वाढतो. त्या दाबाने एक खुंटी खाली घुसते. नुसता जोर लावून कायटिन आणि प्रथिने यांची विणलेली ती चादर फाटत नाही, म्हणून बुरशी विकरे सोडते, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. त्यांतले पीआर-१ हे प्रथिने कापणारे विकर सर्वांत महत्त्वाचे. पीआर-१ ही बुरशीची सुरी आहे असे समजा. पुढे तिचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

या टप्प्यावर अळीकडे एक साधा आणि जबरदस्त उपाय असतो. ती कात टाकते. बुरशी अर्ध्यात घुसलेली असताना कात पडली, तर सगळी मेहनत त्या वाळक्या सालीबरोबर जमिनीवर पडते. शिवाय घुसण्याच्या जागी कातडीतच काळे रंगद्रव्य साठते आणि अळीच्या अंगावर मोहरीहून लहान काळे ठिपके दिसू लागतात. भिंग घेऊन पाहिले तर हे ठिपके शेतातही ओळखता येतात. काही ठिपक्यांखाली बुरशी अडकून मेलेली असते, काहींखालून ती पुढे गेलेली असते, आणि वरून पाहून कोणते कोणते ते कळत नाही.

कातडीच्या खाली अळीला आपल्यासारख्या शिरा-धमन्या नसतात. सगळे अवयव एका मोकळ्या पोकळीत रक्तात तरंगत असतात. या रक्ताला हिमोलिम्फ म्हणतात आणि ते साखर, अमिनो आम्ले यांनी समृद्ध असते. बुरशीच्या दृष्टीने हा तयार खाद्याचा हौद आहे. पण त्या हौदावर पहारा असतो. कणयुक्त पेशी लहान बीजाणू गिळतात किंवा त्यांना चिकटतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी चपट्या होऊन, एकावर एक थर देऊन शत्रूला गुंडाळतात. मग त्या गाठीत काळे मेलॅनिन भरले जाते. ते तयार करणारे प्रोफिनॉलऑक्सिडेज हे विकर रक्तात निद्रिस्त असते. बुरशीच्या भित्तिकेतले, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीतले, बीटा-ग्लुकान हे शर्करेचे द्रव्य ओळखणारी प्रथिने धोक्याची सूचना देतात, विकरांची एक साखळी एकापाठोपाठ एक जागी होते आणि शेवटी हे विकर कामाला लागते. माझ्या काचपट्टीवरचा थेंब काळा करणारे हेच. या प्रक्रियेत तयार होणारी क्विनोन द्रव्ये बुरशीला विषारी असतात आणि अळीच्या स्वतःच्या पेशींनाही, म्हणून तिच्यावर आवर घालणारी प्रथिनेही रक्तात असतात.

याशिवाय बुरशीविरोधी लहान प्रथिने बनवण्याची यंत्रणा आहे. तिची सूत्रे टोल नावाच्या संदेशमार्गाकडे असतात. १९९६ साली स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत टोल बिघडलेल्या फळमाश्यांवर बुरशी अक्षरशः उगवून आली, आणि या कामाबद्दल हॉफमन २०११ च्या नोबेलमध्ये वाटेकरी झाले. मला त्यापुढचा शोध अधिक मोहक वाटतो. टोलची घंटा वाजवणाऱ्या दोन वाटा फळमाशीत सापडल्या. एक वाट बुरशीच्या भित्तिकेतली साखर ओळखते, म्हणजे चोराचा चेहरा ओळखते. दुसरी वाट पर्सेफोनी नावाच्या प्रथिनातून जाते. हे प्रथिन बुरशीच्या पीआर-१ विकराने कापले की सक्रिय होते. चोराने चेहरा झाकला तरी त्याने सुरी चालवली की गजर होतो.

अशी घंटा असलेल्या घरात शिरणाऱ्याने काय करावे? मेटारायझियम जे करते ते १९९६ सालच्या एका अमेरिकन प्रयोगातून स्पष्ट झाले. रेमंड सेंट लेजर आणि सहकाऱ्यांनी तंबाखूवरच्या मोठ्या हिरव्या शिंगवाल्या अळीवर, मॅन्डुका सेक्स्टावर, हा प्रयोग केला. नेहमीची बुरशी कातडी कापताना पीआर-१ भरपूर बनवते आणि रक्तात उतरताच ते बनवणे बंद करते. शास्त्रज्ञांनी बुरशीत पीआर-१ च्या जनुकाच्या जादा प्रती अशा तऱ्हेने घातल्या की रक्तात गेल्यावरही ते बनतच राहावे. अपेक्षा अशी की बुरशी अधिक घातक होईल, आणि ती झालीही. अळ्या २५ टक्के लवकर मेल्या आणि त्यांचे खाणे ४० टक्क्यांनी घटले. परंतु त्या अळ्यांच्या रक्तात मेलॅनिनची साखळी बेफाम सुटली, मेलेल्या अळ्या काळ्याठिक्कर पडल्या आणि त्या काळ्या मढ्यांवर बुरशीला धड बीजाणूच धरता आले नाहीत.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला आमच्या शेतातली ती चुन्यासारखी पांढरी अळी आठवली. तिचा पांढरेपणा हीच बुरशीच्या यशाची खूण होती. अळीचा बचाव पूर्ण ताकदीने चालला असता तर ती काळी झाली असती. बुरशीला अळी लवकर मारायची नसते. तिला अळीचे सगळे अंग खायचे असते, आणि त्यासाठी रक्तात शिरताच सुरी म्यान करून, आवाज न करता वाढावे लागते.

सुरी म्यान केली तरी चेहरा उरतोच. त्यावर मेटारायझियमच्या दोन युक्त्या आहेत. पहिली युक्ती सेंट लेजर आणि चेंगशू वांग यांनी २००६ साली उघड केली. रक्ताचा स्पर्श झाल्यापासून २० मिनिटांच्या आत बुरशी एमसीएल-१ नावाचे प्रथिन बनवू लागते आणि आपल्या पेशींवर त्याचा थर चढवते. या प्रथिनाचा एक भाग कोलॅजनसारखा असतो. कोलॅजन हा प्राण्यांच्या ऊतींचा पदार्थ आहे, बुरशीचा नव्हे. त्या थराखाली बीटा-ग्लुकान झाकले जाते, आणि थराच्या ऋण भारामुळे रक्तपेशींनाही चिकटणे अवघड होते. हे जनुक काढून टाकलेली बुरशी अळीच्या रक्तात घातली तर रक्तपेशी तिच्याभोवती लगेच जमतात. घरातल्याच माणसाचा सदरा घालून घरात वावरणारा भामटा म्हणा हवे तर.

दुसरी युक्ती आमच्या रिलेयीला आणि बिव्हेरियालाही येते. रक्तात उतरल्यावर या बुरशा तंतूच्या रूपात वाढत नाहीत. त्या यीस्टसारख्या सुट्या, लांबट पेशी बनवतात, ज्या मुकुलनाने, म्हणजे अंगाला कळी फुटून, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात आणि रक्ताबरोबर शरीरभर पोहोचतात. या पेशींची भित्तिका फार पातळ असते आणि रक्तातली प्रथिने ज्या शर्करांना धरून शत्रू ओळखतात त्या तिच्यावर जवळजवळ नसतात. फ्लॉरिडात बूसिया आणि पेंडलंड यांनी स्पोडोप्टेराच्याच एका जातीवर हे दाखवले: टोचलेले बीजाणू रक्तपेशी चटकन पकडतात, पण अळीच्या अंगातच वाढलेल्या या पातळ पेशींकडे त्या लक्षही देत नाहीत. मेचनिकोव्ह यांच्या पाणपिसूत निसटलेला बीजाणू जिंकत होता. इथे निसटणे हा अपघात राहिलेला नाही, बुरशीने त्याचे शास्त्रच करून टाकले आहे.

विषे असतातच, आणि मराठीतल्या बहुतेक माहितीपत्रकांत केवळ त्यांचाच उल्लेख असतो. ‘बुरशी अळीच्या शरीरात विष सोडते व अळी मरते’ हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मेटारायझियमची डिस्ट्रक्सिन नावाची विषे दोन डझनांहून अधिक प्रकारची आहेत. मोठ्या मात्रेत ती अळीचे स्नायू आखडून तिला लुळी पाडतात. त्याहून बरीच कमी मात्रा असली तरी रक्तपेशींचे आकार बदलणे आणि शत्रूभोवती गुंडाळणे मंदावते, आणि फळमाशीत तर बुरशीविरोधी प्रथिने बनवण्याचा आदेशच दबतो. बिव्हेरियाचे ऊस्पोरीन हे लाल रंगद्रव्य प्रोफिनॉलऑक्सिडेजचे काम रोखते, आणि अळी मेल्यानंतर त्या मढ्यावर हक्क सांगणाऱ्या जिवाणूंनाही आवरते. म्हणून बिव्हेरियाने मेलेल्या अळीचे अंग कधी कधी आधी लालसर दिसते आणि पांढरी बुरशी नंतर वर येते. या विषांकडे मारक म्हणून पाहण्यापेक्षा गुंगीचे औषध म्हणून पाहिले तर बुरशीचे वागणे अधिक नीट समजते.

याला एक पुरावा बुरशांच्या जातींमधूनच मिळतो. अनेक प्रकारच्या कीटकांवर जगणाऱ्या मेटारायझियमकडे डिस्ट्रक्सिन बनवण्याचा जनुकसमूह असतो. केवळ टोळ आणि नाकतोडे यांच्यावर जगणाऱ्या मेटारायझियम ॲक्रिडमकडे तो नाही. ज्याला रोज नवे घर फोडायचे आहे त्याला गुंगीचे औषध जवळ बाळगावे लागते. एकाच घराच्या खाणाखुणा पिढ्यान्पिढ्या माहीत असलेल्याला त्याची तितकी गरज पडत नाही. रिलेयीचा कल मुख्यतः निशाचर पतंगांच्या एका कुळातील अळ्यांकडे आहे, आणि तिचे रक्तातले वागणेही त्याच शांत पद्धतीचे आहे.

कात टाकण्याच्या उपायावरही रिलेयीने तोड काढली आहे. जपानमध्ये रेशमाच्या अळीवर काम करणाऱ्यांना २००३ साली आढळले की ही बुरशी रक्तात असे एक विकर सोडते जे कात टाकण्याचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकाच्या रेणूचा बावीसाव्या कार्बनवर ऑक्सिडीकरणाने बदल करते आणि त्याला निकामी करते. हुकूमच पोहोचत नाही, म्हणून कात पडत नाही. इथपर्यंत आल्यावर माझ्या मनातली ‘प्रतिकारशक्तीवर मात’ ही कल्पना बदलली. मात करण्यात झुंज अभिप्रेत असते. इथे झुंज व्हायच्या आत अळीच्या शरीराच्या वेळापत्रकातच हात घातला जातो.

या काळात अळी बाहेरून निरोगी दिसते, हे मुद्दाम सांगायला हवे. ती खाते, चालते, टोचले तर अंग आकसते. आत मात्र पेशींची संख्या वाढत असते. रिलेयीच्या बाबतीत असे दिसले आहे की या पेशी आपली दाटी ओळखतात: त्यांनी स्वतःच सोडलेल्या द्रव्याचे प्रमाण रक्तात पुरेसे वाढले, की सगळ्या जवळजवळ एकदम यीस्टचे रूप सोडून तंतू काढू लागतात. मग लपण्याचे कारण उरत नाही. तंतू मेदपिंड, स्नायू, सर्व काही पोखरतात, अळी एक-दोन दिवसांत मरते आणि ताठ होते. मरण्यापूर्वी ती झाडाच्या शेंड्याकडे चढते, म्हणून आम्हाला पांढऱ्या अळ्या वरच्या पानांवर दिसल्या. उंचावरून बीजाणू वाऱ्यावर चांगले पसरतात. हवा दमट राहिली तर तंतू कातडी फोडून बाहेर येतात आणि अंग पांढरे होते, मग बीजाणू धरून हिरवे. बीजाणू अंगाला लागल्यापासून मरेपर्यंत साधारण पाच ते आठ दिवस जातात, आणि अळी लहान असेल तर त्याहूनही कमी.

अळ्याही एका जागी बसलेल्या नाहीत. मेणपतंगाच्या अळ्यांवर २५ पिढ्या सतत बिव्हेरियाचा मारा करून पाहिला, तेव्हा त्यांच्यात बिव्हेरियाविरुद्ध प्रतिकार वाढला. पण तो बहुतेक कातडीत वाढला, आणि मेटारायझियमसमोर त्याचा उपयोग झाला नाही. मला यात कातडीचा भाग बोलका वाटतो. रक्तात उतरलेल्या बुरशीशी लढण्यापेक्षा तिला वेशीवरच अडवणे स्वस्त पडते, हे निवडीच्या दबावाखाली अळीच्या वंशालाही कळले असावे. लष्करी अळ्यांमध्ये दाटीत वाढणाऱ्या अळ्या गडद रंगाच्या होतात आणि अशा गडद अळ्या बुरशीला सहजासहजी दाद देत नाहीत, हेही त्याच दिशेचे आहे. गर्दीत रोग जास्त पसरतो, म्हणून गर्दी झाली की कातडीत मेलॅनिनचा साठा वाढवायचा.

आता काकांच्या तक्रारीकडे येतो. पुढच्या वर्षी त्यांनी दुकानातून रिलेयीची पुडी आणून फवारली आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘अळी अजून खातीयच की. तुझी बुरशी फुसकी निघाली.’’ वर सांगितलेले सगळे मला त्या दिवशी सोप्या भाषेत मांडावे लागले. रासायनिक कीटकनाशकाने अळी संध्याकाळपर्यंत खाली पडते, कारण त्याला अळीचे पुढे काय करायचे आहे याच्याशी देणेघेणे नसते. बुरशीला त्या अळीतच पीक घ्यायचे असते. चौथ्या दिवशी खाणारी अळी कदाचित बुरशीचेच पोट भरत असते. म्हणून अळ्या लहान असताना, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत, फवारणी करावी लागते. मोठ्या झालेल्या अळ्यांवर फवारून आठ दिवस वाट पाहिली तर तोवर पाने उरत नाहीत.

पण त्यांच्या तक्रारीत माझ्या स्पष्टीकरणापलीकडचेही काही होते, हे मला पुडी पाहिल्यावर कळले. ती दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडून होती. रिलेयी ही वाढवायला नखरेल बुरशी आहे, माल्टोजसारखी विशिष्ट साखर असल्याशिवाय ती कृत्रिम माध्यमावर धड बीजाणू देत नाही, आणि तिचे बीजाणू तापमानाला नाजूक असतात. मी त्यातली चिमूटभर भुकटी ओल्या माध्यमावर पसरून पाहिली तर दुसऱ्या दिवशी फारच थोडे बीजाणू रुजलेले दिसले. मेलेल्या बीजाणूला एमसीएल-१ काय कामाचे? शिवाय काकांनी त्याच टाकीत तांबेऱ्यासाठी बुरशीनाशकही मिसळले होते. त्यांचे म्हणणे असे की एका फेरीत दोन कामे होतात, आणि मजुरीचे दर पाहता ते चूक म्हणवत नाही. तरी एकाच टाकीत बुरशी आणि बुरशीनाशक घातल्यावर अळीच्या प्रतिकारशक्तीचा प्रश्नच शिल्लक राहत नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले ते असे. पुडी जुलैच्या शेवटी, ताजी, तारीख पाहून घ्यायची आणि घरात माठाजवळ थंड जागी ठेवायची. पाऊस उघडून हवा दमट असेल तेव्हा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारायचे, कारण उन्हातली अतिनील किरणे बीजाणूंना काही तासांत मारतात. बुरशीनाशकाची फेरी वेगळी, आणि दोहोंत काही दिवसांचे अंतर. मागच्या हंगामात ऑगस्टमध्ये पाऊस दोन आठवडे गायब झाला तेव्हा काकांनी बुरशीचा नाद सोडून रसायन फवारले, आणि मीही तेच केले. कोरड्या हवेत बीजाणू रुजतच नाही. मग पुढच्या सगळ्या युक्त्या त्याच्या पोटातच राहतात.

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला आणि ओढ्याकडच्या खोलगट पट्ट्यात पुन्हा पांढऱ्या अळ्या दिसल्या, पंधरा-वीस असतील. त्या हिरव्या होईपर्यंत आम्ही थांबलो. मग काकांनी त्या पानांसकट हलक्या हाताने खुडून टोपलीत घेतल्या आणि वरच्या रानात, जिथे अळी अजून धडधाकट होती आणि खात होती, तिथे चार-चार ओळी सोडून सोयाबीनच्या शेंड्यांत अडकवून ठेवल्या. त्या रात्री भुरभुर होती.